सण मुलांच्या हातात: बालवाडीच्या वर्षाची आखणी, वारीपासून संक्रांतीपर्यंत

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सण कळतो तो हातातून. ओल्या मातीचा गारवा, डब्यात वाजणारे चुरमुरे, बोटांना चिकटणारा आळीव यातून सण त्याच्या लक्षात राहतो. बहुतेक बालवाड्यांत मात्र सणाच्या दिवशी मुलं नटून बसतात, मोठी माणसं धावपळ करतात आणि फोटो काढून झाले की सण संपतो. त्यात मुलाने स्वतः केलेलं काहीच नसतं.

म्हणून आखणीचा नियम एकच ठेवा: एका सणाला एकच काम, आणि ते सुरुवातीपासून शेवटापर्यंत मुलाच्या हातचं. दिंडी म्हणजे चालणं, पोळा आणि गणपती म्हणजे माती, भोंडला म्हणजे फेर, दिवाळी म्हणजे किल्ला, संक्रांत म्हणजे कुटणं. बाकीचं सगळं त्या कामाभोवती आपोआप येतं. महागड्या सामानाची गरज नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला बालवाडीची कितीतरी साधनं आसपासच्या वस्तूंतूनच उभी केली होती. पुण्यात तर कसबा पेठेतला कुंभारवाडा, तुळशीबाग आणि मंडई एवढ्या तीन ठिकाणी वर्षाचं सामान मिळतं.

जूनमध्ये करायचं काम

शाळा उघडल्यावर पहिल्या पालकसभेत चार प्रश्नांचा कागद द्या. घरात मुलाचा सगळ्यात आवडता सण कोणता? त्या सणाला मूल स्वतः काय करतं? कोणता पदार्थ त्याला चालत नाही किंवा बाधतो? घरातलं कोण सकाळी अर्धा तास येऊ शकेल?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखीच घ्या. शेंगदाणा, तीळ आणि दूध आपल्या सणांच्या जवळपास प्रत्येक पदार्थात असतं, आणि एखाद्या मुलाला दाण्याच्या कुटाची ॲलर्जी आहे हे ऐन आषाढीला खिचडी वाढताना कळून उपयोग नाही.

पहिल्या दोन प्रश्नांमुळे वर्गात खरोखर कोणकोण आहे ते दिसतं. पुण्यातल्या एका वर्गात ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा आणि छठ साजरी करणारी घरं शेजारी शेजारी असतात. तिथेही हाच नियम लावा. ईदेला शीरखुर्म्यासाठी शेवया मोडणं हे तीन वर्षांच्या मुलाचं आवडतं काम आहे, कडकड आवाज येतो आणि चुकण्यासारखं काही नसतं. छठच्या वेळी ठेकुआचं, म्हणजे त्या सणाच्या तळलेल्या गोड पदार्थाचं, पीठ साच्यावर दाबता येतं. ज्या घरचा सण आहे त्या घरच्या आईला किंवा आजीला बोलवा, पण भाषणाला नाही. त्यांनी बसून काम करावं आणि मुलांनी भोवती बसून तेच करावं. पंधरा मिनिटं पुरतात.

दिंडी

तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला आणि ज्ञानोबांची आळंदीहून अष्टमीला निघते. दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री मुक्कामाला असतात आणि मग एक लोणी काळभोरच्या, दुसरी दिवे घाटातून सासवडच्या वाटेला लागते. म्हणजे शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झालेले असतात आणि निम्मी मुलं अजून दारात रडत असतात. दिंडीचा सगळ्यात मोठा फायदा इथे होतो. रांगेत, तालावर, शेजाऱ्याचा हात धरून चाललेलं मूल बहुधा रडायचं थांबतं.

वाट शाळेच्या आवारातच ठेवा, शंभर ते दीडशे मीटर. वेळ पंधरा मिनिटं. त्यापुढे लहान मुलं खाली बसतात. ‘ज्ञानोबा-तुकाराम’चा ताल आधीचे चार-पाच दिवस रोज पाच मिनिटं नुसत्या टाळ्यांवर बसवा. खरे टाळ जड असतात आणि वीस जोड्या एकदम वाजल्या की मुलं कान झाकून घेतात. लहान टाळांच्या चार जोड्या आणा आणि आळीपाळीने द्या.

पताकेची काठी हा खरा धोका आहे. लाकडी काडी शेजारच्याच्या डोळ्याशी जाते. वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी करून चाळीस सेंटिमीटरची काठी करा, दोन्ही टोकं दुमडून चिकटवा आणि त्यावर वीतभर भगवं कापड लावा. पालखीसाठी पुठ्ठ्याचं खोकं आणि सव्वा मीटरच्या दोन हलक्या काठ्या पुरतात. ती खांद्यावर देऊ नका. मुलांच्या उंचीत फरक असल्याने ती कलंडते आणि सगळा भार बुटक्या मुलावर येतो. कमरेच्या उंचीवर हाताने धरू द्या. कपाळावर गंध चालेल, बुक्का नको, घामाबरोबर तो डोळ्यांत उतरतो.

वेषाबद्दल पालकांना स्पष्ट सांगा: टोपी किंवा गळ्यात माळ, एवढंच. पिना लावलेलं धोतर आणि नऊवारी नेसलेल्या मुलाला शू लागली की त्याचे हाल होतात, आणि मग तो दिवस त्याच्या लक्षात त्याच कारणाने राहतो. फोटो शेवटच्या पाच मिनिटांत. मधेच ‘बाळा इकडे बघ’ सुरू झालं की रांग मोडते.

माती: आधी बैल, मग गणपती

पिठोरी अमावास्येला पोळा आणि त्यानंतर चौथ्या दिवशी गणेश चतुर्थी. ही जवळीक कामाची आहे. पोळ्याच्या आठ दिवस आधी बैल करा, त्यानंतर दोन-तीन दिवसांनी गणपती. बैल करताना मुलांचा हात मातीला सरावतो आणि गणपतीला वाळायला नऊ-दहा दिवस मिळतात.

शाडू माती दर मुलामागे एका मध्यम संत्र्याएवढी, म्हणजे साधारण चारशे ग्रॅम ओली. वीस मुलांना आठ किलो, वर दोन किलो राखीव. कोरडी पूड आणली तर आदल्या रात्री भिजवा आणि सकाळी कणकेसारखी तिंबा. माती तयार झाली का ते पाहायला करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. तळव्याला चिकटून राहिली तर तासभर फडक्यावर पसरून ठेवा. मुलांसमोर पाण्याची वाटी ठेवू नका, ती दहा मिनिटांत सगळ्या मातीचा चिखल करतात. प्रत्येकाला एक ओलं फडकं द्या, बोटं ओली करायला तेवढं पुरतं.

बैल उभा करायला जाऊ नका. चार बारीक पाय धडाचा भार पेलत नाहीत, वाळताना मोडतात आणि मूल हिरमुसतं. बसलेला बैल करा: एक लांबट गोळा, पुढे चिमटून मान वर काढलेली, पाठीवर वशिंड, दोन छोटी शिंगं. पाय पोटाखाली आहेत एवढं सांगितलं की मुलांना पटतं.

गणपती साडेचार वर्षांच्या पुढच्या मुलांनाच द्या. तीन-चार वर्षांच्यांना मोदक किंवा उंदीर द्या. उंदीर म्हणजे एक गोळा, एक चिमटा आणि शेपटीला सुतळी.

मोठ्यांचा क्रम असा. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पुरीएवढी, बोटभर जाडीची चकती म्हणजे पाट. कागद हवाच, कारण शाडू वाळताना आकसतो आणि फळीला चिकटलेला पाट मधून तडकतो. पाटावर मोठ्या लिंबाएवढं पोट. एक जाड वळी पोटाभोवती पुढून वळवली की मांडी झाली. मग डोक्याचा गोळा, पोटापेक्षा लहान. जोडताना दोन्ही बाजूंना काडीने ओरखडे काढा, ताकाएवढा पातळ चिखल लावा आणि किंचित फिरवून दाबा. नुसतं ठेवलेलं डोकं आज बसल्यासारखं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी गळून पडतं. कान म्हणजे दोन चपटे पेढे. सोंड हवेत लोंबती ठेवू नका, पोटावर टेकवून दाबा. हात मांडीवर टेकलेले. दोन हात पुरेत. एखाद्याने ‘बाप्पाला चार असतात’ म्हटलं तर त्याला चार करू द्या.

डोळ्यांना गुंजा लावायची पद्धत आहे. लहान मुलांच्या वर्गात ती पूर्ण टाळा. गुंजेचं बी विषारी असतं आणि चमकदार लाल-काळं असल्याने ते नेमकं तोंडात जातं. काडीच्या टोकाने दोन खड्डे पाडले की डोळे होतात.

मोठ्या माणसांसाठी सगळ्यात अवघड सूचना ही: मुलाचा गणपती नीट करायला जाऊ नका. वाकडी सोंड सरळ केली की तो गणपती तुमचा होतो, आणि मुलाला ते लगेच कळतं.

पहिला दिवस ओलसर फडक्याखाली, मग सावलीत. ऊन नको, पंखा नको. बाहेरची माती लवकर आकसते, आतली ओली राहते आणि त्या ओढाताणीत तडा जातो. भाद्रपदाच्या दमट हवेत पूर्ण वाळायला आठवडाही लागतो. तडा दिसला तर माती ओलसर असतानाच दाबून मिटवा. वाळलेल्या तड्यात ओली माती भरली तर ती एकटी आकसते आणि सुटून येते.

विसर्जन बादलीत. मुलं रडतात ती इथे, कारण ‘बाप्पा गावाला जातो’ म्हणजे काय होणार हे त्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणून दोन दिवस आधी दोन काचेचे ग्लास घ्या. एकात कडकडीत वाळलेला लिंबाएवढा गोळा सोडा, दुसऱ्यात तेवढाच ओला. वाळलेल्या गोळ्यातून आधी बारीक बुडबुड्यांची माळ वर येते. मग कडेचा पापुद्रा सुटतो, हळूच खाली घसरतो, आणि बघता बघता तळाशी मऊ ढीग होतो. ओला गोळा मात्र तसाच बसून राहतो. मुलं ग्लासाला नाक लावून बघतात. हे एकदा पाहिलं की विसर्जनाच्या दिवशी तीच मुलं बुडबुड्यांची वाट बघतात. मूर्ती पूर्ण वाळलेली असावी ती याचसाठीही. बादलीतला गाळ मोरीत ओतू नका, मोरी तुंबते. गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी झाडांना घाला आणि माती कापडावर काढून ठेवा.

गावातले गणपती दाखवायचे असतील तर कसबा गणपती किंवा तांबडी जोगेश्वरी, सुरुवातीच्या दिवसांत, आठवड्याच्या मधल्या वारी, सकाळी. संध्याकाळची गर्दी आणि ढोल-ताशांच्या पथकाजवळ उभं राहणं या वयाला झेपत नाही. अनंत चतुर्दशीची लक्ष्मी रस्त्यावरची मिरवणूक तर टाळाच.

भोंडला

घटस्थापनेपासून भोंडला सुरू होतो. कोल्हापूरकडे हाच हादगा, विदर्भात भुलाबाई. बालवाडीत तो मुली-मुलगे सगळ्यांचा करा. पाटावर खडूने हत्तीची बाह्यरेषा तुम्ही काढा आणि आत तांदूळ, झेंडूच्या पाकळ्या मुलांना भरू द्या. रांगोळी या वयात मुठीने सांडते.

फेर हा खरा कौशल्याचा भाग आहे. बारा मुलांना साधारण तीन मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं. दीड मीटर सुतळीच्या एका टोकाला खडू बांधा, दुसरं टोक मध्यभागी कुणीतरी दाबून धरा आणि गोल काढा. मुलांचे पाय रेषेवर. रेषा नसेल तर गोल हळूहळू आत सरकतो आणि सगळी पाटावरच्या हत्तीवर येतात. वीस मुलं असतील तर दोन वेगळे फेर करा. मोठ्या फेरात हात ताणले जातात, एक पडला की चार पडतात. दर चार मुलांमागे एक ताई किंवा आजी हवी. आधी हात सोडून नुसतं रेषेवर चाला, गाणं नीट चालायला लागलं की मग हात धरा. तीन गाणी पुरतात.

खिरापत ओळखणं हा मुलांचा सगळ्यात आवडता भाग, आणि ऐकून ओळखण्याचा सुंदर सराव. स्टीलचे तीन सारखे डबे घ्या: एकात चुरमुरे, एकात राजगिऱ्याचे लाडू, एकात शिरा. चुरमुरे सळसळतात, लाडू गडगडतात, शिरा गप्प असतो. ‘आवाजच येत नाही, मग काय असेल?’ या प्रश्नावर मुलं खूप वेळ रमतात. साखरफुटाणे आणि अख्खे शेंगदाणे डब्यात नकोत, घशात अडकतात. वीस मुलांच्या शिऱ्याला तीन वाट्या रवा पुरतो.

दिवाळीचा किल्ला

किल्ला सुट्टी लागण्याच्या आठ दिवस आधी सुरू करा, नाहीतर हिरवळ उगवते तेव्हा शाळा बंद असते. पहिल्या दिवशी मुलांना गच्चीवर नेऊन सिंहगड दाखवा. वरच्या मनोऱ्यांमुळे तो लांबूनही ओळखू येतो. मग कोणता किल्ला करायचा ते ठरवा. लहान मुलांसाठी राजगड उत्तम, कारण त्याचा आकार हातात मावतो: मधे उंच बालेकिल्ला आणि तीन दिशांना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या. जमिनीवर मूठ ठेवायची आणि तीन बोटं पसरायची, झाला राजगड. रायगडाआधी महाराजांची राजधानी इथे होती, तेव्हा ‘हे महाराजांचं घर’ एवढं वर्णन या वयाला पुरतं आणि ते खरंही आहे. पालकांना सांगायचं असेल तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत राजगड, शिवनेरी आणि लोहगड हे पुणे जिल्ह्यातले तीन आहेत.

दहा-बारा मुलांना चार फूट बाय चार फुटांचा किल्ला, भोवतीने फिरता येईल असा. खाली जाड प्लास्टिक. सामान: वीसेक विटा, मुठीएवढे दगड, दोन गोणपाटं, सहा घमेली चाळलेली लाल माती, पन्नास ग्रॅम आळीव, मूठभर मोहरी, पाणी फवारायची बाटली.

विटांचा ढीग मोठ्यांनी रचायचा. मधला भाग चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटर, माच्या वीतभर. त्याहून उंच केला तर मुलांचा हात पलीकडे पोचत नाही. फटींत दगड मुलं भरतात, रांगेत उभं राहून एकमेकांकडे देत. मग गोणपाट कढीएवढ्या पातळ चिखलात बुडवून वर पांघरा. ते चिखलाला धरून ठेवतं, त्याशिवाय लावलेली माती विटांवरून घसरते. त्यावर श्रीखंडाएवढा घट्ट चिखल, बोटभर जाडीचा. जाड थर दिला तर दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. एका दिवशी एवढंच.

तिसऱ्या दिवशी पेरणी. आळीव अर्धा तास थोड्या पाण्यात भिजवा. दाण्याभोवती बुळबुळीत साय येते, आणि तीच त्याला उतारावर चिकटवून ठेवते. मुलांना तो बोटांनी कड्यांवर सारवू द्या. मोहरी कोरडी असते, उतारावरून गळते, म्हणून ती फक्त सपाट माचीवर. तीन-चार दिवसांत हिरवे ठिपके दिसतात, आठवड्यात बोटाच्या पेराएवढी हिरवळ होते.

पाणी फक्त फवाऱ्याने, सकाळ-संध्याकाळ. तांब्याने ओतलं की बी ओघळून पायथ्याशी जमा होतं आणि कडा बोडका राहतो. परतीचा पाऊस येतो, म्हणून रात्री प्लास्टिक झाका, पण सकाळी काढाच. दिवसभर झाकलं तर दाट पेरलेल्या आळिवावर पांढरी बुरशी धरते. चिमण्या दाणे टिपतात, पहिले दोन दिवस वर ओलं फडकं टाका. बोगदा करायचा तर चिखलात कोरू नका, आधीच पाइपचा तुकडा किंवा डबा घालून ठेवा.

मावळे कुंभारवाड्यातून मातीचे आणा, आणि टोकदार भाले काढून टाका. कोण कुठे उभा राहील ते मुलं ठरवतील. पहारेकरी झोपलेला असेल, गाय सिंहासनाशेजारी असेल, असू द्या. ‘हात लावू नका’ची पाटी लावली तर तो किल्ला त्यांचा राहत नाही.

जानेवारी

३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. १८४८ मध्ये मुलींची शाळा याच शहरात, भिडेवाड्यात सुरू झाली. त्या दिवशी दगडी पाटी आणि पाटीवरची पेन्सिल आणा आणि मुलांना हवं ते काढू द्या. पुसायला ओलं फडकं.

संक्रांतीला कुटणं. पाक गरम असतो आणि मुलांच्या जवळ नको, म्हणून बिनपाकाचे लाडू करा: एक वाटी भाजून गार केलेले तीळ, अर्धी वाटी दाण्याचं बारीक कूट, पाऊण वाटी किसलेला साधा मऊ गूळ. चिक्कीचा गूळ घेऊ नका, तो कडक होतो. मुलांनी खलबत्त्यात कुटायचं, तिळाला तेल सुटेपर्यंत, मग सुपारीएवढे लाडू वळायचे. कूट भरड राहिलं तर लाडू फुटतो, एवढीच चूक होते. ज्यांना तीळ किंवा दाणे चालत नाहीत त्यांच्यासाठी चुरमुऱ्याचा लाडू, वेगळ्या भांड्यात.

बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही घ्या. बोरं, हलवा आणि हरभरे मुलांच्या डोक्यावरून ओतले की ती खाली बसून वेचून खातात, आणि बोराची बी किंवा हलव्याचा दाणा घशात अडकतो. ओतायला चुरमुरे, लाह्या आणि गुलाबाच्या पाकळ्या घ्या. बोरं बिया काढून ताटलीत द्या.

संक्रांत झाली की वर्षाची पेटी भरा. पताका आणि टाळ एका पिशवीत. सुतळी आणि खडू एका डब्यात. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून. गणपतीची राखून ठेवलेली शाडू माती कोरड्या वड्या करून पिशवीत घाला आणि वर वर्ष लिहा. पुढच्या श्रावणात ती भिजवून तिंबली की तिचे बैल होतात. मोठ्या गटात गेलेली मुलं ती माती बघायला आवर्जून येतात, तेव्हा पहिला गोळा त्यांच्या हातात द्या.